चेहरा उडालेली मुलं

ताई जिना चढून वर आली तेव्हा चिमणी जेवणाच्या टेबलाशी एकटीच दूध पीत बसली होती, आणि मधूनमधून ग्लासाशी काहीतरी पुटपुटत होती.

निळ्या काचेचा तो ग्लास ताईनं दारातूनच ओळखला. लहानपणी तिनं तो फक्त कपाटाच्या कुलपाआड पाहिला होता. त्यावर पांढऱ्या मिन्यानं रंगवलेली मुलगी होती. फ्रॉकचा घेर, हातात फुलपाखरं धरायची जाळी, एक पाय उचललेला. चित्र इतकं वर काढलेलं की मुलीचे केस काठाला भिडलेले. घराण्याची रीत अशी, की मुलानं प्यायचं ते चित्रातल्या चेहऱ्यावर ओठ टेकवून.

"कोणाशी बोलतेस गं?"

"हिच्याशी. पण ही आता बोलत नाही, आत्या."

"का बरं?"

"मी हिचं तोंड पिऊन टाकलं."

चिमणीच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. ताईनं उगाच हसून तिच्या हातातला ग्लास घेतला. मुलीला खरंच चेहरा नव्हता. फ्रॉकच्या चुण्या, बुटांची बटणं, जाळीचे धागेसुद्धा कालच रंगवल्यासारखे, आणि केसांखाली नुसता धुरकट डाग. तिनं त्यावर बोट फिरवलं. बोटाला पिठासारखं पांढरं लागलं.

"आ कर बघू."

"डॉक्टरांना केलाय."

"मलाही कर."

दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, निळसर काळी रेघ होती. पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक. संग्रहालयात जुनी मिन्याची काच दुरुस्त करायला शिकताना ही रेघ तिला पुस्तकात दाखवली होती. जिवंत माणसाच्या तोंडात ती पहिल्यांदाच पाहत होती.

"आल्याआल्या पोरीचे दात काय मोजतेस?" माई आतून आली. अण्णा गेल्यापासून कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात आली होती आणि तिची चाल बदलली होती. आता ती सगळ्या खोल्यांमधून आपल्याच घरात असल्यासारखी फिरायची. "उतरलीय ना गं? पोट दुखतं, काही खात नाही, नुसती चिडचिड. डॉक्टर म्हणाले जंत. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं झालं. मी म्हटलं, राहू दे, मुकीवर सोपवू. आधी एकदाच देत होते, आता सकाळ-संध्याकाळ देते. बघ ना, चेहरा कसा भराभर जातोय. सगळं स्वतःवर ओढून घेतेय बिचारी."

मुकी म्हणजे पणजोबांची बहीण. ती जन्मात एक शब्द बोलली नाही, लग्न केलं नाही. पणजोबांच्या कारखान्यात बसून ती घरातल्या प्रत्येक मुलाला एकेका ग्लासावर रंगवायची. पुढे पुढे तिनं अजून जन्माला न आलेलीही रंगवून ठेवली. एका दुपारी ओठांत ब्रश धरूनच तिनं बाकावर प्राण सोडला. ओठ पांढरेफटक पडले होते म्हणतात. तेव्हापासून ग्लासातलं मूल घरातल्या मुलाचं दुखणं आपल्या अंगावर घेतं, आणि म्हणून त्याचा चेहरा उडतो. ही गोष्ट ताई पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती.

कपाटात बिनचेहऱ्याचे आणखी दोन ग्लास होते. एक मोठ्याचा, एक सोनीचा. माईची ही पहिली दोन मुलं शाळेत जायच्या वयाचीही झाली नाहीत. सोनी गेली त्या दिवशी अण्णांनी कपाटाला कुलूप घातलं आणि का ते कधीच कुणाला सांगितलं नाही. मग दादा झाला, ताई झाली, धाकटा झाला. तिघंही स्टीलच्या पेल्यात दूध पिऊन टुणटुणीत वाढले. माई म्हणायची, आधीच्या दोघांनी तुमच्या वाटचंही भोगून ठेवलं होतं.

"आज बाळाला ग्लास द्यायचाय," माई म्हणाली. "म्हणून तर तुला बोलावलं. आत्या नको का?"

* * *

धाकट्याची बायको, चिमणीची आई धाकटी, भांडी विसळत होती. ताईनं स्वयंपाकघराचं दार आतून लोटलं तेव्हाच तिला कळलं की काहीतरी वाईट ऐकायचंय. नवरा जहाजावर असला की माणसाला दारं कशी लोटली जातात त्यावरून बातमी ओळखायची सवय लागते.

ताईनं पिशवीतून कापसाचं टोक असलेली एक कांडी काढली. ती ओली केली, चिमणीच्या ग्लासावरच्या धुरकट डागावर घासली आणि दोघी पाहत राहिल्या. कापूस आधी गुलाबी झाला. मग जखमेवर धरल्यासारखा लाल.

"हे काय आहे, ताई?"

"शिसं."

"म्हणजे?"

"मिना म्हणजे काचेचीच पूड. काचेवर लावून भट्टीत भाजतात. तो लवकर वितळावा म्हणून त्यात शिसं घालायचे. धड भाजला असेल तर एकवेळ टिकतो. हा नीट भाजलेला नाही, त्यात जुना झालाय. भुगा होतोय त्याचा. आणि चिमणी तो रोज चाटतेय."

धाकटीनं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "जंत नाहीत मग."

"नाहीत. रक्त तपासायला हवं. आजच. यावर औषध आहे, धाकटे, ऐकतेस ना? वेळेवर कळलंय."

"दिवसातून दोनदा," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं होतं, माई, दूध नको म्हणते ती, तिला मळमळतं. तर म्हणाल्या, चेहरा जातोय म्हणजे गुण येतोय. मीच धरून पाजलं. नाक दाबून." तिनं पदर खोचला. "मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"थांब. आधी खाली चल. दादाशी बोलू."

"का थांबू?"

ताईनं हातातल्या लाल कापसाकडे पाहिलं. धाकटीनं उत्तर तिच्या तोंडावरून वाचलं, आणि मग तिच्याही लक्षात आलं. कपाटातले ते दोन ग्लास.

"अगं बाई," ती खाली बसली.

* * *

दादाचं काचेचं दुकान घराच्याच खाली होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, टेबलावर टाकायच्या जाड काचा. तो एका तावदानावर कटर ओढत होता. ताईचं बोलणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही, आणि ते संपल्यावर काच दोन्ही हातांनी धरून मोडली तेव्हा रेघ सोडून भलतीकडेच तुटली.

"अण्णांना माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत असणार? शिशाचं?"

"ते नसेल. पण ग्लासातच काहीतरी आहे एवढं कळलं असणार. म्हणून कुलूप. आणि तरी माईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. का नाही सांगितलं? विचार कर जरा."

"अण्णांनी सांगितलं नाही म्हणून माझी पोर आज हिरड्या काळ्या करून बसलीय," धाकटी म्हणाली.

"अगं, ग्लास बंद करू ना! आजपासून बंद. मी स्वतः नेऊन पुरतो कुठंतरी. फक्त कारण सांगायचं नाही. तिनं दोन लेकरं घालवलीत. मुकीनं नेली, नशिबानं नेली, असं म्हणत ती जगलीय. तू तिला सांगणार, की तुझ्याच हातानं गेली?"

"कारण सांगितल्याशिवाय त्या थांबणार आहेत? तुम्ही तुमच्या आईला ओळखत नाही?"

"संग्रहालयाला हवेत म्हणून सांगू. प्रदर्शन आहे म्हणून. ताई नेईल."

"आणि आज तुमच्या बाळाला देणार आहेत, त्याचं?"

दादानं कटर खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं होऊन झालेलं बाळ. या दहा मिनिटांत त्यानं त्याचा विचारच केला नव्हता हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं, आणि त्याच्या तोंडाचं पाणी पळालं.

"ताई, तू बोल," तो म्हणाला. "तू शिकलेली आहेस. तुला काहीतरी सुचेल."

धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताईनं दादाकडे पाहिलं. "बघते," ती म्हणाली. म्हणजे ती दादाच्या बाजूला गेली, हे धाकटीला समजलं. ती तशीच जिना चढून गेली.

* * *

वर माईनं वहिनीला कपाटासमोर बसवलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून माईनं तिला या कपाटाच्या इतकं जवळ कधी येऊ दिलं नव्हतं. अण्णांच्या हयातीत तर कपाट उघडतच नव्हतं. आणि ते उघडलं तेव्हा पहिला मान धाकटीच्या मुलीला मिळाला. वहिनीनं तेव्हा हसून सगळ्यांना पाणी दिलं होतं.

आता तिच्या मांडीवर बाळ होतं आणि समोर पांढरी मुलं उभी होती. फळीवर ओळीनं, निळ्या काचेच्या आत बुडाल्यासारखी. दुपारचं ऊन तिरपं येत होतं. बाळानं हात हलवला की काचेत काहीतरी हलायचं. मग बाळ थांबलं तरी ते जरा उशिरा थांबायचं. वहिनीनं मान फिरवली.

"घाबरू नकोस," माई म्हणाली. "नवीन मूल आलं की बघायला पुढे येतात. हा घे. हा तुझ्यासाठीच राखून ठेवलेला."

ग्लासावर एक मुलगा चाक पळवत होता. त्याचा उजवा कान डोक्यापासून सुटून बाहेर आलेला. वहिनीनं बाळाच्या कानाकडे पाहिलं. दादाच्या कानाकडे तर ती इतकी वर्षं पाहत आली होती.

"मुकीला सगळं दिसायचं," माई म्हणाली, आणि बिनचेहऱ्याच्या दोघांकडे वळून, एखाद्याला शेजारी सरकायला सांगावं तशा साध्या आवाजात बोलली, "मोठ्या, सोने, जरा जागा करा रे. भाऊ आलाय."

ताई आत आली ती याच वेळी.

"माई, मला या ग्लासांविषयी थोडं बोलायचंय."

"बोल की."

"मुकी आत्या कधी नव्हती, माई. पणजोबांना बहीणच नव्हती. असे ग्लास त्या काळी परदेशातल्या मोठ्या कारखान्यांत शेकड्यांनी व्हायचे. बाया रांगेनं बसून नमुन्याच्या कागदावरून तीच ती मुलं उतरवायच्या. हा चाकवाला मुलगा मी दुसऱ्या दोन संग्रहालयांत पाहिलाय. हाच कान. कागदावरच तसा होता. पणजोबा पेटाऱ्यांनी माल आणायचे, आणि विकताना गोष्ट सांगायचे. जुनी काच जमवणाऱ्या लोकांना गोष्ट लागतेच. कुणी एकटी बाई, तिला मुलं नव्हती, म्हणून ती मुलं रंगवायची. जिथं जिथं हे ग्लास विकले गेले तिथं तिथं अशी एक बाई निघते."

"अस्सं?" माई शांतपणे म्हणाली. "मग तिचे ओठ पांढरे का झाले होते?"

"त्या बाया ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायच्या. रंग..." ताई थांबली. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळंच बोलून झालं असतं. "रंग लागायचा," ती म्हणाली. "आमच्याकडे प्रदर्शन भरतंय. सगळा संच मला आजच न्यायचाय."

"आज?" वहिनी ताडकन म्हणाली. "चिमणीला देताना नाही आठवलं तुमचं प्रदर्शन. माझ्या बाळाच्याच वेळी बरं आठवलं."

"वहिनी, तसं नाही."

"मग कसं? नेहमी असंच होतं. माझी पाळी आली की ताट उचलायची वेळ झालेली असते."

दादा दारात येऊन उभा होता. बायकोची नजर त्यानं चुकवली. माई उठली. तिनं चाकवाला ग्लास धुतला, पुसला, त्यात कोमट दूध ओतलं आणि वहिनीच्या हातात दिला. "नेऊ दे तिला उद्या-परवा. आज बाळाच्या ओठांना लागला की झालं. तू हो पुढे."

वहिनीनं बाळाला सावरून धरलं. ग्लास तिरका केला. पांढऱ्या मुलाचा कोरा करकरीत, नुकता हसल्यासारखा चेहरा बाळाच्या तोंडाशी आला.

चिमणी तिच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. एक हात पोटावर दाबलेला. "काकू, बाळाला आवडेल," ती म्हणाली. "चित्रातलं तोंड गोड लागतं."

वहिनीचा हात थांबला. "दूध गोड आहे?"

"दूध नाही. तोंड. आधी नाही लागत. मग चाटलं की लागतं."

"माई, साखर घालता तुम्ही हिच्या दुधात?"

"कधीच नाही. दात किडतात."

वहिनीनं चिमणीच्या ओठांकडे पाहिलं. ओठांच्या कडेला पांढरी पूड होती, दुधाची साय वाळल्यासारखी. मग तिनं दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिनं इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. तो तोंड उघडून पुढे यायला निघाला होता आणि तसाच थिजला होता. वहिनीनं ग्लास बाळापासून दूर नेला. इतक्या झटक्यानं, की दूध तिच्या मांडीवर सांडलं.

"तुम्हाला माहीत आहे काहीतरी," ती त्याला म्हणाली. "काय आहे ते सांगा. नाहीतर मी बाळाला घेऊन या घरातून निघाले."

"काही नाही गं, नंतर..."

"नंतर नाही," धाकटी म्हणाली. ती कधी आत आली होती कुणाला कळलं नव्हतं. चिमणीचा स्वेटर आणि चपला तिच्या हातात होत्या. "माई, या रंगात विष आहे. शिसं. गोड लागतं ते. चिमणीला जंत नाहीत. हा ग्लास तिच्या पोटात गेलाय. चेहरा कुणी अंगावर घेतलेला नाही. तो तिनं खाल्लाय."

एवढं बोलून तिला रडू आलं, आणि ते आल्याचा तिला राग आला. तिनं खाली बसून चिमणीच्या पायात चपला घालायला घेतल्या.

बाळ सांडलेल्या दुधात हात बडवत होतं.

माई ताईकडे वळली. "खरं?"

"खरं, माई."

माईनं चिमणीला जवळ ओढलं. अंगठ्यानं तिचा खालचा ओठ खाली केला आणि उजेडाकडे वळवून ती रेघ पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. वहिनीला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल. पण तिला दिसलं होतं.

"मोठ्याला होती ही," माई म्हणाली. "आम्ही म्हणायचो, जांभळं खाल्लीयस का रे. सोनीला पण." तिनं ओठ सोडला. चिमणीच्या गालावरून हात फिरवला. मग तोच हात उलटा करून स्वतःसमोर धरला आणि तो परका असल्यासारखा बघत राहिली. "म्हणजे मुकीनं नाही नेली."

"तुला माहीत नव्हतं, माई," दादा म्हणाला. "कुणालाच माहीत नव्हतं."

"यांना होतं."

"अण्णांनाही नक्की..."

"तू जा," माई म्हणाली. आवाज ठणठणीत होता. "पोरीला घेऊन जा दवाखान्यात. इथं उभा राहून मला समजावू नकोस. गाडी काढ."

दादानं चिमणीला उचललं. वहिनी बाळाला घेऊन त्याच्या मागे गेली. उंबऱ्यापाशी थांबून तिनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथं ठेवताना दोघीही जरा बावचळल्या. अशी सवय नव्हती. "मी गाडीत बसते तिच्याजवळ," वहिनी म्हणाली. "तू ये मागून. घाई करू नकोस."

कपाट उघडंच होतं. माई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती मुलांशी बोलेल असं ताईला वाटलं, आणि त्याची भीती वाटली. माई बोलली नाही. तिनं मोठ्याचा ग्लास बाहेर काढला. पतंगवाला मुलगा. पतंग होता, दोरी होती, दोरी धरलेली बोटं होती. मानेच्या वर काहीच नव्हतं. या ग्लासावर तर डागसुद्धा उरला नव्हता. नुसती निळी काच, स्वच्छ.

"याचा सगळा गेला," ती म्हणाली. "सोनीचा थोडा राहिलाय. याचा सगळा."

ताई आणि धाकटी दोन बाजूंना उभ्या होत्या.

"शेवटी शेवटी त्याला काही पोटात ठरेना," माई सांगू लागली. "दूध उलटायचं. पाणीसुद्धा. फक्त लिंबाचं पाणी तेवढं मागायचा. आंबटढाण. मी भरभरून द्यायचे, यातूनच. म्हटलं, निदान एवढं तरी जातंय. रात्रंदिवस देत होते." ती ताईकडे वळली. डोळे कोरडे होते. "तू हेच काम करतेस. आंबटानं काही होतं का गं या रंगाला? जास्त निघतो का?"

संग्रहालयातल्या प्रयोगशाळेत ताईनं हे स्वतः करून पाहिलं होतं. साध्या पाण्यात महिनाभर न हललेला मिना लिंबाच्या रसात एका दुपारात सुटला होता. पाण्यावर पांढरा ढग आला होता. तिच्या डोळ्यांपुढे तो ढग आला. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी मघापासून खरं सांगा म्हणून भांडत होती. तिनंही ताईकडे पाहिलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

"नाही," दोघी म्हणाल्या.

"आंबटाचा काही संबंध नाही, माई," धाकटी पुढे म्हणाली. "उलट त्याला तेवढाच थंडावा मिळाला असेल."

माईनं मान हलवली. आधी एकीकडे बघून, मग दुसरीकडे. ग्लास तिनं पदरात गुंडाळला आणि छातीशी धरला.

"धाकटी या घरात आल्यापासून," ती म्हणाली, "तुम्ही दोघी कुठल्याच गोष्टीला एका सुरात बोलल्या नव्हतात."